पायाळू भागीरथा

मैदानावर कोणी पडला की आमच्या अकोटाकडे प्रेक्षकांतला प्रत्येक जण वैद्य होतो. एक जण हात ओढतो, दुसरा पाय झटकतो, तिसरा तोंडात पाणी ओततो, आणि ज्याला काहीच सुचत नाही तो त्याला धरून बसता करतो. मी शाळेत कवायत आणि खेळ शिकवण्यात हयात घालवली. माझा आवाज बसला तो पोरांवर ओरडून नव्हे, या वैद्यांना हाकलून बसला. पण माझ्या थोरल्या चुलत बहिणीला, भागीरथेला, तिची इच्छा न विचारताच वैद्य केलं गेलं होतं, आणि तेही जन्मल्या दिवशी.

भागीबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो, उसण भरलेल्या पाठीला त्यानं पाय लावला की उसण निघते, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानत. वाकताना, ओझं उचलताना, नाहीतर कुस्तीत पाठ एकदम धरते आणि श्वास घेतला तरी कळ निघते, ती उसण. त्यात स्नायू आखडलेला असतो. चार दिवस गप पडून राहिलं तर तो आपोआप सुटतो, आणि म्हणूनच पायाळूच्या पायाला कधी अपयश येत नाही. ज्याची उसण सुटली त्यानं भागीचं नाव घेतलं, ज्याची नाही सुटली त्यानं पाय फिरताना गप्प राहायचं सोडून आपणच मध्ये बोललो असू म्हणून स्वतःला दोष दिला.

ती चालायला लागली तेव्हापासून तिच्या पायाला बोलावणी येऊ लागली. गावात कुणब्यांचा अखाडा होता आणि आमचं घर महारवाड्यात. मांड्या खांबासारख्या असलेले पैलवान उसण भरली की लेकरासारखे कण्हत. ते घरात नाही, खळ्यावर पालथे पडून राहत, कारण तिला घरात घेता येत नव्हतं. ती खांद्यापासून कमरेपर्यंत पाय ओढायची, मग कमरेवर ठेवून दाबायची. तोवर कोणी बोलायचं नाही. झालं की सुपात ज्वारी घालून ते सूप लांब जमिनीवर ठेवलं जाई आणि पैलवान विहिरीवर आंघोळीला जाई. पाय औषधाचा आणि विटाळ तिचा. हे गणित मला अजून सुटलेलं नाही आणि ते सोडवायची मला हौसही नाही.

यात खुशालराव सगळ्यांत जास्त वेळा पालथा पडलेला. मोठा जमीनवाला, कुस्तीचा नादी, अंगानं आडदांड आणि पाठीनं नाजूक. त्याचा गडी गाडी घेऊन आला की भागीबाईची आई तिला हातातलं काम टाकायला लावी. भागीबाईला ते मुळीच आवडत नसे. ती मला सांगायची की लोकांना मी नको असते, माझा पाय तेवढा पाहिजे असतो, तो तोडून नेता आला असता तर नेला असता.

तिचं लग्न अकोटच्या एका जीनमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कामगाराशी झालं. तो लवकर तापानं गेला आणि ती लहान पोराला घेऊन माहेरी परत आली. पोराचं नाव देवराव. छप्पन साली नागपूरची बातमी आली आणि आमच्या वस्तीनंही दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले टाक नदीत गेले. देवराव तेव्हा शाळेत होता. त्यानं आपलं नाव स्वतःच बदलून धर्मपाल केलं आणि आईला सगळ्यांदेखत बजावलं की आता कोणाच्या पाठीला पाय लावायचा नाही, पाय हा चालायला असतो. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही ते पटलं. भागीबाई त्या दिवशी जितकी हसली तितकी मी तिला लग्नातही हसताना पाहिली नव्हती. त्यानंतर खुशालरावाची गाडी एकदा आली ती रिकामी परत गेली, आणि त्यानं वस्तीतल्या बायांना निंदणीला बोलावणं बंद करून आपला राग दाखवला.

धर्मपाल कबड्डी खेळायचा. अंगानं सडपातळ, पण चढाईला गेला की पाहणाऱ्याची पापणी लवत नसे. वस्तीतल्या पोरांनी त्याच्याभोवती संघ उभा केला. भागीबाई अकोटच्या जीनमध्ये कापूस वेचून निवडायच्या कामाला जायची आणि येताना पोरांसाठी गूळ-शेंगदाणे आणायची. सामना असला की ती बायांमध्ये सगळ्यांत पुढं बसायची. तिला खेळातलं फारसं कळत नव्हतं. तो पलीकडे गेला की ती श्वास धरायची आणि तो परत आला की सोडायची, एवढाच तिचा खेळ.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात तालुक्याच्या सामन्यांत आमचा संघ शेवटच्या फेरीत आला. समोर खुशालरावाच्या अखाड्याचा संघ. वस्तीतलं झाडून सगळं माणूस मैदानावर गेलं होतं. मी तेव्हा अमरावतीला व्यायामशिक्षणाच्या वर्गाला होतो, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही. पण ते इतक्या जणांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

खेळ अटीतटीला आला होता. धर्मपाल चढाईला गेला, एकानं त्याची कंबर धरली, दुसऱ्यानं पाय उचलले, आणि तो पाठीवर आदळला. वरून दोघं त्याच्या अंगावर पडले. काळ्या मातीचं मैदान हिवाळ्यात वाळून दगड होतं. दोघं उठले, धर्मपाल उठला नाही. यात कोणाची खुन्नस नव्हती. खेळात माणूस पडतोच.

मग वैद्य जमले. कोणी त्याला पालथा केला, कोणी पाठ चोळली. तो शुद्धीवर होता. पायाला मुंग्या आल्या म्हणाला. मुंग्या आल्या हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं, कारण मुंग्या काय, मांडी घालून बसलं तरी येतात. पाठीवर पडलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या येणं म्हणजे मणक्याला मार बसल्याची खूण असते, अशा वेळी त्याला जागचा हलवायचं नाही, हे मला अमरावतीच्या वर्गात त्याच महिन्यात शिकवलं होतं. तिथं मैदानावर ते ठाऊक असलेलं कोणीच नव्हतं. उसण भरली, सगळे म्हणाले, आणि उसण म्हटल्यावर सगळ्यांच्या माना बायांकडे वळल्या.

भागीबाई तोवर त्याच्याजवळ येऊन बसली होती. अखाड्याकडचा कोणीतरी म्हणाला की भागी इथंच आहे, मग डॉक्टर कशाला. ती नाही म्हणाली. सात वर्षं झाली सोडून, आपल्यात आता ते नाही, असं ती लोकांना सांगत होती. आणि तेव्हा, ज्यानं तिला बंदी घातली होती तोच जमिनीला गाल लावून बोलला.

"अजून खेळ बाकी हाये, माय. ठेव पाय."

दुखणं थांबावं म्हणून तो बोलला नव्हता, त्याला मैदानात परत जायचं होतं. खेळाडूची जात अशीच. पाय मोडला तरी तो आधी विचारतो की गुण किती झाले. माझ्या वर्गातल्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो की जखमी खेळाडूचं ऐकायचं नाही, तो त्या वेळी स्वतःचा सगळ्यांत मोठा शत्रू असतो. पण आईनं लेकाचं ऐकायचं नाही हे तिला कोण सांगणार होतं.

तिनं वहाण काढली आणि पाय ठेवला. खांद्यापासून कमरेपर्यंत ओढला आणि कमरेवर दाबला. सगळं मैदान नियमाप्रमाणं गप्प होतं.

तो उठला नाही. थोड्या वेळानं म्हणाला की आता मुंग्या गेल्या, आता काहीच नाही. लोकांना तेही बरंच वाटलं. मग हातापायांना धरून त्याला झोळीसारखा उचलला आणि गाडीत ठेवला. गाडी कापसाची होती. खुशालरावानंच दिली, आणि पोराला धक्के बसू नयेत म्हणून तळाशी चांगला गुडघाभर मोकळा कापूस पसरून दिला. सगळ्यांनी माया म्हणूनच केलं. अकोटपर्यंत आणि तिथून तोच कापूस घातलेल्या ट्रकमध्ये अकोल्यापर्यंत तो त्यात रुतून, पाठीला बाक येऊन, मधोमध खचत गेला.

अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी टाचणीनं पायाला टोचून पाहिलं, फोटो काढला, आणि भागीबाईला बाजूला बसवून सांगितलं की मणका मोडला आहे आणि आतली दोरी दबली आहे, पाय परत येतील असं मी सांगत नाही. असा माणूस आणायचा तर सपाट फळीवर, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून एकदम उचलून आणायचा असतो, हेही त्यांनी समजावलं. पडतानाच गेलं, की हलवताना गेलं, की मागाहून आत सूज येऊन गेलं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. तिनं पायाचं सांगितलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले की बाई, आता ते मनात घेऊ नका. न घ्यायची गोष्ट असती तर ते गप्प कशाला बसले असते, असं ती मला नंतर म्हणाली.

मी अमरावतीहून आलो तेव्हा धर्मपाल घरी आला होता. छातीखालचं धड म्हणजे परक्याचं सामान. अशा माणसाला मारतात त्या पाठीवरच्या जखमा. एका कुशीवर फार वेळ राहिला की कातडी सडते, त्याला कळतही नाही. दवाखान्यातल्या नर्सनं भागीबाईला सगळं दाखवून दिलं होतं. ती त्याला दिवसा आणि रात्री, झोपमोड करून करून कुशीवर वळवायची, टाचांखाली जुन्या लुगड्याच्या चुंबळी ठेवायची, पाठ पुसून कोरडी करायची, लघवीची नळी उकळायची. जीनचं काम सुटलं. ती वाळली, केस पांढरे झाले, पण तीन वर्षं तिनं त्याच्या पाठीवर एक फोड येऊ दिला नाही.

धर्मपाल तोंडानं खेळायचा. संध्याकाळी पोरं त्याची बाज मैदानाच्या कडेला आणून ठेवत आणि तो तिथून शिकवी. शिकवी काय, तर पडायला. हनुवटी छातीला लाव, पाठ गोल कर, हात टेकू नको, घरंगळ. आधी अंग गरम करा, मग चढाई. मी त्याला अमरावतीत शिकलेलं एकेक सांगायचो आणि तो ते माझ्याहून जोरात ओरडून सांगायचा. आमच्या संघातली पोरं त्या वर्षांत पडली पुष्कळ, पण लागलं कोणालाच नाही. बाजेवर पडलेला गुरू समोर असल्यावर कोण निष्काळजी राहील. मला तिथं उभं राहवत नसे. मी शिट्टी फुंकून पोरांना काहीतरी कामाला लावायचो आणि पाठ फिरवायचो.

आईला मात्र तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. ती कामात असली, गप्प असली, तिचं लक्ष आपल्या पायांकडे गेलेलं त्याला दिसलं की तो हाक मारून म्हणायचा, "माय, तुह्या पायाच्या आंधीच माहे पाय गेले होते. तू पाय ठेवला ते मले समजलंबी नाई." हे तो माझ्यासमोर म्हणाला, शेजाऱ्यांसमोर म्हणाला, दवाखान्यातल्या डॉक्टरांसमोरही म्हणाला. भागीबाई दर वेळी हो म्हणायची. मला वाटायचं, बरं झालं, तिचं ओझं उतरलं.

सहासष्टच्या पावसाळ्यात त्याला लघवीच्या वाटेनं ताप भरला. अकोल्याला नेला, या खेपेला फळीवर, पण आठवडाभरातच तो गेला. वस्तीनं वंदना म्हटली. ज्यांच्याशी तो शेवटचा खेळला होता त्या अखाड्याच्या संघातली पोरंही आली होती आणि खांदा द्यायला पुढं झाली. कोणी त्यांना अडवलं नाही.

त्यानंतर भागीबाई विचित्र झाली, असं लोक म्हणू लागले. कुठंही सामना असो, ती जायची. कबड्डी असो की कुस्ती, कडेला बसायची. कोणी पडून उठला नाही की धावत जाऊन दोन्ही हात पसरून त्याच्यावर उभी राहायची आणि कोणाला शिवू द्यायची नाही. बहुतेक वेळा त्या पोराचा नुसता श्वास कोंडलेला असायचा. ते उठून कपडे झटकायचं आणि लोक हसायचे. पंच चिडायचे. मला दोनदा सांगावा आला की मास्तर, तुमच्या बहिणीला आवरा. मी आवरलं नाही.

मग एका वर्षी गावच्या जत्रेत खुशालरावाचा मुलगा चंद्रभान कुस्तीत डोक्यावर आपटला. मान खाली दुमडली. अखाड्याचा डोमाजी मालिशवाला होता. मान धरून झटका दिला की जागेवर बसते, ही त्याची विद्या. तो बाह्या सारून पुढं झाला तोवर भागीबाई मध्ये. तिला ढकललं, ती पडली, पुन्हा उठून उभी राहिली. खुशालराव धावत आला. त्याला त्या घाबरलेल्या वेळी जुनंच सुचलं असावं. त्यानं हात जोडले आणि भागी, तुझा पाय लाव म्हणाला.

"हात लावू नोका अन् पायबी लावू नोका," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "जानू, दार आन."

मी शाळेचं एक दार बिजागऱ्यांतून काढून आणलं. मी डोक्याशी बसलो, मानेच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पिशव्या लावल्या, आणि माझ्या इशाऱ्यावर सगळ्यांनी त्याला एकदम उचलून दारावर घेतलं. तसाच तो अकोल्याला गेला. मानेचं हाड चिरलं होतं. पुष्कळ दिवस गळ्याला प्लास्टर होतं. पण तो चालत परत आला.

चालत आला तो थेट आमच्या वस्तीत. सोबत खुशालराव, हातात लुगडं-चोळी. त्याच्या घराण्यातला माणूस आमच्या वस्तीत शिरण्याची ती पहिलीच वेळ असावी. दुपार होती, मी ओसरीवर बसलो होतो. खुशालरावानं पोराला पुढं केलं आणि स्वतःही वाकला. तो तिच्या पाया पडत होता. भागीबाईनं दोन्ही पाय झटकन लुगड्याखाली ओढून घेतले, चटका बसल्यासारखे. पायाला हात लावू नका, एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, बौद्ध झालेल्यांना हे चालत नसेल. तो ओशाळला, लुगडं उंबऱ्यावर ठेवून पोराला घेऊन गेला. तिनं चंद्रभानच्या चालण्याकडे तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत पाहिलं.

मग आम्ही दोघंच राहिलो. मी तिला म्हणालो की बाई, तुझ्यामुळं हे पोरगं चालतं आहे, आता तरी मन हलकं कर, धर्मपाल सांगून गेलाच आहे की तुझा पाय लागायच्या आधीच त्याचे पाय गेले होते.

"तो खोटं बोले, जानू."

ती शांतपणे बोलली, आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. "तो पालथा पडला होता नं, तवा मी त्याच्या पायापाशी बसली होती. त्याचा आंगठा हालून राह्यला होता. म्या पाय ठेवला, अन् तो हालायचा थांबला. म्या पाह्यलं."

मला जे शिकवलं होतं ते सगळं मी बोललो. आत सूज येते, ती दोरीला दाबते, मागाहूनही पाय जातात, त्याच वेळेला तसं झालं असेल, लोकांनी त्याला पालथा केला तेव्हाही झालं असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. असंल, म्हणाली.

मग मी विचारलं की हे त्याला कधी सांगितलं का.

"नाई. त्याले वाटे का माह्या जिवाले बरं वाटून राह्यलं. तो त्याच समाधानात गेला." ती उठली, उंबऱ्यावरचं लुगडं तिनं घडी करून माझ्या हातात दिलं आणि ते शाळेत ठेव म्हणाली, पडलेल्या पोराला दारावर बांधायला कामी येईल.